चुन्याच्या फुल्या

मेहुल सरांची गाडी अजून फक्त त्यांच्या डोक्यातच धावत होती. उंच खांबांवर बंद नळी, नळीत चाकांशिवाय सरकणारे डबे, आणि पालघरहून मुंबई म्हणजे चहा निवायच्या आत. ही गाडी डोळ्यांनी दिसावी अशी चित्रं त्यांना सोमवारी सकाळी मोठ्या लोकांपुढे मांडायची होती.

"आर्टिस्ट तू शोध, समिधा," ते फोनवर म्हणाले. "त्याच भागातला कुणी हवा, चित्रात तिथला उजेड दिसला पाहिजे. जमलं तर पुढचं सगळं काम तुझं. नाही जमलं तर बंगळूरची टीम तयारच बसलीय."

लग्नाआधीपासून मी बिल्डरांच्या न बांधलेल्या इमारती कॉम्प्युटरवर उभ्या करत असे. चिमी झाली आणि ते सुटलं; त्यानंतरचं हे पहिलंच काम. आता ती रांगते, वायर दिसली की तोंडात घालते, आणि मला मशीनसमोर बसू देते ते तिच्या झोपेपुरतं. तेवढ्यात मी माणसं शोधत होते. एकानं नेटवरचं चित्र उचलून स्वतःच्या नावानं पाठवलं. एकीचा हात सुरेख होता, पण तिची सगळी गावं दुबईसारखी दिसत. मग चिमीला डोस द्यायला नेताना बोईसरच्या नाक्यावर वाढदिवसाचा एक बॅनर दिसला. कुणी दादा विमानाच्या शिडीवर उभा. विमान खोटं होतं हे शेंबडं पोरही सांगेल, पण दादाची सावली विमानाच्या सावलीशी बरोबर जुळत होती. रिक्षा थांबवून मी बॅनरच्या कोपऱ्यातला नंबर घेतला.

तो रूपेश निघाला. आमच्याच सरावलीतला, लग्नाचे अल्बम आणि ड्रोनचं शूटिंग करणारा.

"ताई, आपला एकच नियम," तो पहिल्याच भेटीत म्हणाला. "पाठीमागचं खरं ठेवायचं. माणूस फोटोत आधी आपलं घर शोधतो, मग नवरीकडं बघतो."

माझ्या मोबाइलमध्ये माकुणसारच्या काकांच्या वाडीचा फोटो होता. त्यावर त्यानं नमुन्याचं चित्र करून दिलं. मेहुल सर खूश झाले. "हेच वरून पाहिजे, ड्रोननं. गाडी वाडीवरून सूं करून जाताना." म्हणून रविवारी सकाळी मी, कडेवर चिमी आणि रूपेश त्याच्या व्हॅनमधून माकुणसारला निघालो. काकांना फोनवर एवढंच सांगितलं होतं, शूटिंग आहे.

आई गेल्यावर आत्माराम काका आणि दमयंती काकूंनीच मला वाढवलं. माझं माहेर म्हणजे ती वाडी. नारळ-सुपारीची सावली, पानवेली, मधोमध विहीर, मागं गोठा.

पोचलो तेव्हा चिमी भुकेनं कळवळली होती. ड्रोन फिरला तरी चित्रातला खांब जागचा हलू नये म्हणून जमिनीवर ठळक खुणा कराव्या लागतात. कॉम्प्युटर त्या खुणा धरून जागा ओळखतो, आणि नंतर त्या चित्रातून पुसून टाकता येतात. "पांढरं काहीतरी घे आणि अंतरा-अंतरावर फुल्या मार," असं रूपेशला सांगून मी पदर सावरत आतल्या खोलीत गेले. बाहेर ड्रोनची घरघर सुरू झाली. चिमी पीत पीत झोपली.

घरघर थांबली ती एकदम. मग आरडाओरडा.

चिमीला खांद्यावर टाकून बाहेर आले तर अंगणात गर्दी. शेजारच्या वाडीतल्या प्रदीपच्या हातात ड्रोन होता, पंख धरून आणलेल्या कोंबड्यासारखा. रूपेश विहिरीच्या कठड्याला टेकलेला, हात चुन्यानं पांढरे. आणि वाडीभर फुल्या. वाटेवर, गोठ्यासमोर, विहिरीपाशी, दोन नारळांच्या बुंध्यावर. झाडांना लावायला काकांनी भिजवून ठेवलेला चुना त्यानं वापरला होता.

या पट्ट्यात पांढरी फुली म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको होतं. पलीकडच्या गावात आधी फुल्या आल्या, मग दगड, मग जमीन घेण्याच्या नोटिसा.

"मोजणीवाला हाय हा," प्रदीप म्हणाला. "रविवारचा आलाय, म्हणजे कोण हटकनार नाय असं वाटलं आसंल."

"अवो, मी हळदीचं शूटिंग करतो," रूपेश म्हणाला.

"हळद कोणाची? वाडीची? मंग अक्षता पन आनल्या आसशील."

कुणीतरी हसलं, पण ते हसणं बरं नव्हतं. पोरं वाटेवर जाऊन उभी राहिली, व्हॅनच्या पुढं.

"प्रदीपदादा, त्याला मी आणलंय," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले. काकू सुपाऱ्यांची पाटी हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पाटी खाली ठेवली, पुढं आल्या आणि चिमीला माझ्या खांद्यावरून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. "पोर दे हिकडं. आता बोल."

मी बोलले. गाडीचं, नळीचं, खुणांचं सगळं सांगितलं. हे नुसतं चित्र आहे, कुणाच्या डोक्यातलं, म्हणाले. आणि खात्री पटावी म्हणून लॅपटॉप आणून ओट्यावर ठेवला आणि नमुन्याचं चित्र उघडलं.

तिथंच चुकलं. चित्र फार चांगलं होतं. संध्याकाळचं ऊन नळीवर चकाकत होतं, आणि खांबाची सावली विहिरीवर पडली होती, जशी आमच्या सर्वांत उंच नारळाची पडते, थेट तशी. मागं काकूंचं हिरवं लुगडं वाळत होतं. खांब गोठ्याच्या जागी उभा होता.

काका चष्मा पुसून वाकले.

"कदी येनार हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"काका, येणार नाहीये. खोटं आहे."

"खोटं हाय तर आमची विहीर कशाला खरी?"

रूपेशनं मान खाली घातली.

"पुसते," मी म्हटलं. "थांबा, तुमच्यासमोर पुसते." मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडलेलंच होतं. मी बसले आणि विहीर काढली. गोठा काढला. लुगडं, घर, पानवेली. प्रत्येक वस्तूवर नुसता हात फिरवायचा, कॉम्प्युटर तिथं आपोआप गवत भरतो. बघता बघता खांबांखाली मोकळं हिरवं माळरान झालं. मी मोठ्या समाधानानं मान वर केली.

काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी चिमीला घट्ट धरलं. "इतकं सोपं हाय?" त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. मेहुल सर. आमचं काम त्यांना त्यांच्या स्क्रीनवर दिसत असे, हे मी साफ विसरले होते.

"उचल," प्रदीप म्हणाला. "पन स्पीकरवर. आमाला बी आयकू दे."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"समिधा, ग्रेट!" मेहुल सरांचा आवाज अंगणभर पसरला. "आत्ता तू जे केलंस ना, तेच पाठव. ती झोपडी, विहीर, सगळी गर्दी गेली. मोकळी जमीन बघायला बरी वाटते. ड्रोनचं पण असंच क्लीन कर."

झोपडी म्हणे. काकांनी ते घर भाताच्या दोन हंगामांच्या मध्ये स्वतः विटा वाहून बांधलं होतं. गर्दीत कुजबूज झाली आणि थांबली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला चिमीचा श्वास ऐकू येत होता, झोपेतला, नाक चोंदलेला.

"सर, ती जमीन मोकळी नाही," मी म्हटलं.

"कळलं गं, पण चित्रात तर…"

"चित्रातही नाही. हे चित्र मी देणार नाही. दुसरं देते."

"उद्या सकाळी दाखवायचंय. दुसरं कधी करणार?" आवाज थंड झाला. "नऊपर्यंत आलं नाही तर मी बंगळूरला कळवतो. राग मानू नकोस." फोन बंद झाला.

मी नमुना पुसला, नुसतं गवत उरलेलं ते चित्रही. रूपेशनं ड्रोनमधलं सकाळचं सगळं शूटिंग प्रदीपला दाखवून पुसलं. त्यात विहिरीवरून वर जाणारा एक झोका होता, पाण्यात आभाळ दिसणारा. तो पुसताना त्याचा अंगठा अडला, पण त्यानं दाबला. प्रदीपनं ड्रोन ओट्यावर ठेवला. फेकला नाही, ठेवला.

"आता फुल्या कोन धुनार?" काका म्हणाले.

आम्हीच धुतल्या. रूपेश विहिरीतून पाणी शेंदत होता, मी खराट्यानं घासत होते. मातीवरच्या गेल्या. नारळावरच्या काही केल्या जाईनात, चुना सालीच्या खाचांत मुरला होता. चिमी उठली तेव्हा काकूंनी तिला माझ्याकडे दिलं, पण जेवून जा म्हणाल्या नाहीत. त्या घरातून मी कधी उपाशी निघाले नव्हते.

परतताना रूपेश म्हणाला, "ताई, एवढं चांगलं पाठीमागचं पुन्हा नाय मिळणार. आता कुठं?"

"आमच्या बिल्डिंगमध्ये."

"सरावलीत? तिथं काय हाय?"

"आम्ही आहोत."

भावेश, माझा नवरा, एमआयडीसीतली पहिली शिफ्ट करून आला होता. त्याला चिमी सोपवली आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारून आम्ही ड्रोन घेऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. चुना नव्हता, खाली आवारात चिमीच्या पावडरनं फुल्या मारल्या होत्या. कारखान्यांमागं सूर्य उतरत होता, उजेड तांबूस, धुरकट, आमचाच. रूपेशनं आमच्या घरी बसून नळी टाकली, डबे टाकले, मग खांब. खुणांच्या हिशेबानं तो आमच्या स्वयंपाकघरावर आला. खिडकीत दोरीवर चिमीची लंगोटं वाळत होती, आणि खांब त्यांच्या मधोमध.

मी उठून भावेशच्या मांडीवरून चिमीला उचलून घेतलं. का, ते मलाही त्या क्षणी कळलं नाही.

"खांब थोडा सरकवू?" रूपेशनं माझ्याकडे न बघता विचारलं.

"नको. लोकांना दिसू दे कुठं येतो तो."

"आणि दोरी? दोरी तरी पुसतो."

"दोरी राहील."

सोमवारी नऊच्या आधी चित्र गेलं. चिमीला भरवत मी फोनकडे बघत होते. मेहुल सरांचं उत्तर आलं: *ती लंगोटं काढ.*

मी लिहिलं, *तिथं माणसं राहतात, सर. काढणार नाही.*

उत्तर येईना. चिमीनं पेज माझ्या ड्रेसवर थुंकली. मी पुसली, पुन्हा भरवली, ती पुन्हा थुंकली. मग फोन वाजला, पण मेहुल सरांचा नव्हता.

"समे," काकू म्हणाल्या. मागं खराट्याचा आवाज येत होता. "नारळावरची फुली तुझ्या काकांनी आज पन घासली. जात नाय. मी बोलले, ऱ्हाऊ दे. पोरीनं केलीय, पोरगी घासंल. रविवारी ये. काथ्या हाय घरात."

"येते," मी म्हटलं.

"आनि चिमीला आन. जेवायला."

फोन ठेवला तेव्हा पडद्यावर मेहुल सरांचं उत्तर येऊन बसलेलं होतं. *दाखवतोय. लंगोटांसकट. लोक विचारतील, तर उत्तर तू द्यायचंस.*

मी रूपेशला फोन लावला. चिमीनं तेवढ्यात वाटी पालथी केली.