साहेबांची सही

“ही सही कुणी मारली?”

डॉक्टर आप्पासाहेबांनी कागद टेबलावर आपटला, तशी रक्ताच्या नळ्या खडखडल्या. विजयमालाने आधी नळ्यांचा स्टँड नीट केला, मग कागदाकडे पाहिलं. पाहायची काही गरज नव्हती. दोन महिन्यांपूर्वी लॅबच्याच लेटरहेडवर तिनेच तो टाईप करून घेतला होता. ‘श्रीमती विजयमाला मरकड या माझ्या पाथर्डी येथील लॅबमध्ये एकोणीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करीत असून सर्व तपासण्या स्वतः करतात.’ आणि खाली साहेबांची झोकदार मराठी सही.

“तुमचीच हाय की, साहेब,” ती म्हणाली.

“माझी? मी कधी केली?”

“रिपोर्टावरच्या तरी तुमी कधी केल्या?”

आज बुधवार होता, आणि एरवी बुधवारी साहेब पाथर्डीत कधी फिरकत नसत. जिल्ह्यात त्यांच्या चार लॅब, राहायला नगरला. इकडे यायचं ते रविवारी, तेही तासभर. कायद्याने प्रत्येक रिपोर्ट डॉक्टरांनी पाहून सही करायचा असतो. साहेब सुरुवातीला कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवत. सात वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेवढाही कंटाळा आला. त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे एक सही करून दाखवली नि म्हणाले, “अशीच मारत जा. तुझा हात चांगला आहे.” तेव्हापासून रोजच्या तीस-चाळीस सह्या विजयमालाच्या. आता ती ही सही झोपेतही करू शकली असती.

पण या सहीने तिने आपलं काम करून घेतलं, त्याला कारण होतं. ते कारण ती दोन वर्षं निखाऱ्यासारखं पदरात बांधून फिरत होती.

मुक्ताबाई नावाची ऊसतोडणीला जाणारी बाई साखर तपासायला आली होती. तपासणीचं किट मुदत संपलेलं होतं. विजयमालाने तीनदा फोन केला. साहेब म्हणाले, “महिनाभर चालतंय. उगाच शहाणपणा करू नको.” रिपोर्टमध्ये साखर आली एकशे चाळीस, खरी असेल चारशेच्या पुढे. मुक्ताबाई टोळीबरोबर कारखान्यावर गेली, फडात कोसळली आणि जखम चिघळून पायाची दोन बोटं घालवून परत आली. तिचा मुलगा गोरक्ष वीस माणसं घेऊन लॅबवर चालून आला. साहेब नेमके रविवारचे आले होते. सगळ्या गल्लीसमोर त्यांनी विजयमालाकडे बोट केलं. “अहो, ही बाई बाटल्या धुणारी. माझ्या माघारी हिनं परस्पर तपासणीत हात घातला.”

गोरक्षने फाडकन तिच्या थोबाडीत मारली. साहेब मोबाईलमध्ये काहीतरी बघत राहिले.

गावाला तेवढंच पाहिजे होतं. बाजारात पोरं तिला ‘बाटलीवाली’ म्हणू लागली. सासूबाई रतनबाई आठवडाभर देवळात गेल्या नाहीत. विजयमाला मात्र दुसऱ्या दिवशी साडेसातला लॅब उघडून बसली, कारण घरी बसणं म्हणजे साहेबांचं म्हणणं खरं करून देणं होतं. त्या दिवशी तिने पहिलं काम केलं ते म्हणजे मुदत संपलेली सगळी किटं पोत्यात भरून उकिरड्यावर नेऊन जाळली. साहेबांना सांगितलंही नाही.

मग यंदा तंत्रज्ञांची नोंदणी करणाऱ्या राज्य परिषदेचा फतवा आला की नोंदणी नसलेल्या तंत्रज्ञाला लॅबमध्ये उभं राहता येणार नाही. विजयमालाचा डिप्लोमा होता, पण तो देणारी संस्था कधीच बंद पडलेली. परिषदेचं म्हणणं पडलं, ‘दहा वर्षांच्या अनुभवाचा दाखला जोडा, मग बघू.’ ती रविवारी साहेबांपुढे उभी राहिली. साहेब औषधवाल्या पाहुण्याशी बोलत होते. तिचं ऐकून ते हसले. “कसला दाखला देऊ? बाटल्या धुण्याचा?” पाहुणाही हसला. हसण्यासारखंच होतं ना ते! विजयमालाही हसली. आत जाऊन तिने नळ चालू केला आणि पाण्याच्या आवाजात दात-ओठ खात एकच ठरवलं, की हा दाखला मी घेणार, आणि तुझ्याच सहीने घेणार.

आता त्या दाखल्याची प्रत जोडून आलेलं परिषदेचं पत्र साहेबांच्या हातात होतं. ‘सदर दाखल्याची खातरजमा करण्यासाठी शुक्रवारी नगर येथील पडताळणी अधिकाऱ्यांसमोर हजर राहून सहीचे तीन नमुने द्यावेत.’

“मी सरळ सांगेन, ही सही खोटी आहे. फौजदारी होईल तुझ्यावर.”

“सांगा की.” विजयमालाने कपाट उघडलं. आत सात वर्षांच्या रिपोर्टांच्या दुसऱ्या प्रती गठ्ठे बांधून ठेवलेल्या होत्या. “ही खोटी, तर ह्याबी खोट्या. साठ-सत्तर हजार तरी असतील. आपण दोघं जाऊ आत. मला काय, मी बाटल्या धुणारी बाई, तिथंबी धुईन. तुमचं कसं व्हईल?”

साहेब खुर्चीत बसले. एका गठ्ठ्यातले दोन-चार रिपोर्ट त्यांनी चाळून पाहिले. शेवटी ते म्हणाले, “ठीक आहे. माझीच आहे म्हणतो.” खिशातून पेन काढून त्यांनी पत्राच्या मागे सही केली आणि दाखल्याशी ताडून पाहिली. जुळेना. पुन्हा केली. पुन्हा जुळेना. चेक आणि कागदपत्रांवर त्यांची इंग्रजी सही असे. ही मराठी सही त्यांनी सात वर्षांत एकदाही केली नव्हती, आणि विजयमालाच्या हातात ती वाढून वेगळीच झाली होती. साहेबांच्या सहीचा मालक आता कोण होता, ते त्या कागदावर उघड दिसत होतं.

साहेबांनी पेन तिच्यापुढे सरकवलं. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, “जरा... दाखव. कशी करतेस तू?”

दोन वर्षं ती याच वाक्याची वाट पाहत होती आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. तिने स्टूल ओढलं, साहेबांच्या शेजारी बसली आणि कोऱ्या कागदावर सावकाश सही काढली.

“‘आ’चा काना लांब न्यायचा. हां. आता शेपूट खाली. खाली हो साहेब, वर न्हाई.”

“असं?”

“न्हाई. हे तर गांडूळ झालं. परत काढा.”

साहेबांनी परत काढली. एक पान भरलं, दुसरं भरलं. बाहेर बसलेल्या पेशंटांना काचेतून दिसत होतं, की मोठे डॉक्टर मान खाली घालून काहीतरी गिरवतायत आणि मरकडबाई पहिलीच्या मास्तरणीसारखी चुका दाखवतेय. तिने पडदा ओढून घेतला नाही. मुद्दामच नाही. चौथ्या पानावर सही जमली, तरी ती म्हणाली, “अजून एक पान हुऊ द्या. हात बसला पायजे.” सूड इतका गोड लागतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी साहेबांनी अधिकाऱ्यांपुढे तीनही सह्या बिनचूक केल्या आणि ‘मजकूर खरा आहे’ असं लिहून दिलं. दीड महिन्याने विजयमालाचा नोंदणी क्रमांक आला. तिने प्रमाणपत्र फ्रेम करून दारासमोरच टांगलं. ज्ञानेश्वर, तिचा नवरा, पेढे घेऊन आला. त्यातला पहिला पेढा तिने मुद्दाम गोरक्षच्या घरी पाठवला. त्याने तो घेतला की फेकला, हे तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना फोन केला. “आजपासनं रिपोर्टावर तंत्रज्ञाच्या जागी मी माझी सही करनार. तुमची जागा रिकामी ठिवलीय.”

“म्हणजे?”

“नोंदणी असलेल्या मानसानं दुसऱ्याची सही मारली, तर नंबर जातो म्हनं. तुमीच या.”

दुपारपर्यंत साहेबांनी तीन वेळा फोन केला, एकदा दटावून, दोनदा गोंजारून. बाहेर माणसं खोळंबली होती. ऊसतोडणीच्या टोळ्या निघायचे दिवस, त्यामुळे गर्दी फार. शेवटी तीन वाजता गाडी दारात थांबली. साहेब तणतणत आत आले आणि पेन उघडून बसले. विजयमालाने गठ्ठा पुढे ठेवला. आज ती त्यांना एकेका कागदावर रोखून धरणार होती. उद्याही. परवाही.

साहेबांनी दोन सह्या केल्या. तिसऱ्यावर पेन थांबलं.

“हिमोग्लोबिन चार पॉइंट दोन? मशीन बिघडलंय.”

“दोनदा लावलं. बराबर हाय.”

“वय एकतीस. अगं, चार पॉइंट दोनला माणूस उभं राहत नाही. कुठं अॅडमिट आहे ही?”

“अॅडमिट कुठली? बाहेर पायरीवर बसलीय. मानिकदौंडीवरनं जीपनं आली.”

साहेब काचेतून पाहू लागले. “अशा किती येतात?”

“ह्या दिवसात रोज चार-पाच.”

“आणि रिपोर्ट?”

“घिऊन जात्यात. तुमच्या सहीनं.”

हे वाक्य तिने सुरीसारखं परजून ठेवलं होतं. पण म्हणताना ते तिलाच लागलं. सही साहेबांची होती, पण सात वर्षं हात तिचा होता. असल्या आकड्यांखाली तिने किती वेळा सहीचं ते शेपूट झोकात ओढलं असेल? बायांना दवाखान्यात जा म्हणून ती सांगायची, पण रांग मोठी असली की तेही राहून जायचं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि कागद पुन्हा वरपासून वाचायला घेतला, नाव, गाव, वय. विजयमालाकडे बोलायचं म्हणून साठवलेलं खूप होतं, ते तसंच राहिलं. ती दार लोटून बाहेर आली.

पायरीवरची बाई भिंतीला धरून उठली. तिचे ओठ कागदासारखे पांढरे होते.

“झाली का वं सही, बाई? जीप सुटंल माझी.”

“बस,” विजयमालाने तिला दंडाला धरून पुन्हा खाली बसवलं आणि स्वतःही शेजारी टेकली. “साहेब वाचत्यात.”