चष्म्याविना सुई

सोनपेठच्या आठवडी बाजाराला वैभव आईला दुकानात आणून बसवायचा. एसटी स्टँडसमोर त्याचं किराणा दुकान. गल्ल्याशेजारी व्हिटॅमिन ईच्या गोळ्यांचे डबे रचलेले. कुणी डोळ्यांचं गाऱ्हाणं मांडलं की तो आईच्या, चन्नबसम्माच्या हाती सुईदोरा द्यायचा. ती चष्म्याविना सुई ओवायची, डबे खपायचे.

वैभव लबाड नव्हता. गोळ्या सुरू केल्यावर आईचा चष्मा सुटलेला त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. सकाळी पूजेला तळहातावर घेतलेल्या इष्टलिंगावर चमकणारी दिव्याची ठिणगी चष्म्याशिवाय दिसू लागली, तेव्हा तिलाही गोळीचंच कौतुक वाटलं होतं.

पण अंगणापलीकडचं माणूस मात्र तिला ओळखू येईना. सून रुद्राणी तिला परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी समजावलं, की मोतीबिंदू वाढताना डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट होतो आणि काही दिवस जवळचं चष्म्याविना दिसतं. पुढं तेही जातं. यात गोळीची करामत नाही, ही रोगाचीच पायरी. हजारो माणसांना वर्षानुवर्षं ही गोळी देऊन पाहिली, मोतीबिंदू काही टळला नाही. व्हिटॅमिन ई घरच्या शेंगदाण्यांतून, करडईच्या तेलातून मिळतंच, तेवढं पुरे. आता ऑपरेशन करून घ्या.

वैभवला ते पटलं नाही. गुण येत असताना डोळ्याला सुरी कशाला? दिवाळीनंतर बघू, म्हणाला.

पुढच्या बाजारी सरजाबाई आली. चन्नबसम्माची जुनी मैत्रीण. तिला ऑपरेशनची तारीख मिळाली होती. ती मोडायची ठरवून सरजाबाई गोळ्या न्यायला आली होती. तुझी सुई बघूनच ठरवलं, म्हणाली.

वैभवनं सुईदोरा पुढं केला. चन्नबसम्मानं सुई ओवली, गल्ल्यावर ठेवली.

"वैभव, समोर कोणती एसटी लागलीय?"

"परभणीची. पाटी केवढी मोठी हाय."

"मला पाटी दिसंना. एसटी बी दिसंना. नुसता लाल डाग दिसायलाय."

वैभव खालच्या आवाजात म्हणाला, "माय, गिऱ्हाइकासमोर कशाला?"

"सुई बी गिऱ्हाइकासमोरच ओवली की." ती सरजाबाईकडं वळली. "सरजे, तारीख मोडू नको. सुईवर भुलू नको."

"अगं, मी घरी सांगून आले, गोळीच घेनार म्हनून."

"मंग आता सांग, मोतीबिंदूनं ऐकलं न्हाई."

सरजाबाई हसली आणि उचललेला डबा परत ठेवला. चन्नबसम्मानं पदर खोचला. रुद्राणी परभणीच्या तपासणीचे कागद घेऊन केव्हाची पायरीवर उभी होती. वैभव आडवा आला. आज बाजाराचा दिवस, आत्ताच कुठं निघालीस, दुकान कोण बघंल?

"तू बघ. तुझे डोळे चांगले हायेत."

सुनेचा हात धरून ती त्या लाल डागाच्या दिशेनं चालू लागली. अगदी जवळ गेल्यावर त्याची एसटी झाली. दाराची दांडी तिनं स्वतः चाचपून धरली आणि वर चढली.