होडीचा वाटा

साहेब, पोरांच्या हातातली गोष्टींची पुस्तकं तुम्हीच काढून घेताय, आणि पोरांना भागाकार येत नाही म्हणून बोंबही तुम्हीच मारताय.

नम्रताबाई सोमवारी वरसे गावातल्या घरून निघाल्या तेव्हापासून हे वाक्य मनात घोळवत होत्या. रोह्याला गाडीत बसल्या तेव्हा ते बरंच सभ्य होतं. पेण येईपर्यंत त्यातलं 'कृपया' गळून पडलं.

झालं होतं ते असं. बाईंची शाळा पेणच्या खाडीकडच्या गावात. तिसरीतली पिंकी फळ्यावर बारा भागिले तीन दिसलं की भिंतीला टेकून मुकी व्हायची. मग बाईंनी पुस्तकांच्या पेटीतून एक गोष्ट काढली. तिघे मित्र होडीतून जातात, बारा मासे आणतात आणि वाटणीवरून भांडतात. माशांच्या जागी बाईंनी चिंचोके दिले. गणिताच्या तासाला पिंकी पहिल्यांदाच पुढं सरकून फतकल मारून बसली.

नेमके तेव्हाच शिक्षण खात्याचे साहेब शाळा बघायला आले. प्रत्येकाला किती मासे, त्यांनी विचारलं. पिंकी म्हणाली, तीन. साहेब सगळ्या वर्गासमोर हसले. गणिताच्या तासाला गोष्टी सांगितल्या की असंच होणार म्हणाले, आणि पेटी सोमवारी पेणच्या ऑफिसात जमा करायला सांगून गेले.

पिंकी रडली नाही. गुपचूप परत भिंतीला जाऊन टेकली. बाईंना झोंबलं ते हेच.

त्या तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. तीन कसे आले ते दाखव म्हणाल्या. पिंकीनं चिंचोक्यांचे चार ढीग केले.

"माणसं तीन, मग हा चौथा कोणाचा गो?"

"होडीचा. होडीचा वाटा नाय काढला तर उद्या होडी कोन देल?"

बाईंनी कपाळावर हात मारला. या गावात होडीचा वाटा काढल्याशिवाय कोण मासळी घरी नेतं? पोरीचा भागाकार बरोबरच होता. पुस्तकात होडीचा वाटाच नव्हता, आणि बाईंनी तो विचारलाच नव्हता. मग त्या म्हणाल्या, समज, होडीवाल्या मामानं आजचा वाटा सोडला. पिंकीनं चौथा ढीग एकेक करून तिघांत वाटला.

"चार. पन मामा एवढा खुळा नाय."

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाई साहेबांच्या टेबलापुढं उभ्या राहिल्या. घोळवलेलं वाक्य त्यांनी एका दमात बोलून टाकलं. साहेबांनी पेटी कुठाय विचारलं. पोरांकडे आहे, बाई म्हणाल्या. साहेब नोटिशीवर आले, नोकरीवर आले, बाकीच्या शिक्षकांना गोष्टींशिवाय कसं चालतं त्यावर आले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"नोटीस काढा, मी सही करून घेते. पण ज्या पोरीला तुम्ही हसलात, तिचं गणित कुठं चुकलं ते आधी सांगा. आणि चुकलं नसेल, तर गोष्टी बंद कशासाठी? उत्तर द्या साहेब, मी थांबलेय."