चालून दाखवा

आम्रपालीला बघायला गेलो तेव्हा मीच म्हणलं होतं, "पोरी, दारापर्यंत चालून दाखव." बिचारी गेली, परत आली. पायात काही खोट नव्हती. माझा धम्मरत्न मात्र त्यांच्या दिवाणावर मांडी घालून बसलेला. मुलाला कोण चाल म्हणतं? निघताना मीच सांगून टाकलं, तीन वर्षांचा असताना टेम्पोतून पडला, तेव्हापासून पाय वाकलेत. लग्न जमलं.

टेम्पो कधी नव्हताच. चालायला लागला तसे त्याचे पाय वाकत गेले. आईनं नीट पाजलं नाही, उन्हात धरलं नाही, असं बायका बोलायच्या, म्हणून मी टेम्पो काढला. धम्मरत्नलासुद्धा लहानपणापासून तेच सांगत आले.

मग नात झाली, अपेक्षा. चालायला लागली आणि तिचेही गुडघे बाहेर गेले. आणि मी निर्लज्ज, बायका मला जे बोलल्या तेच सुनेला बोलायला लागले. "संत तुकाराम नगरात ऊन कमी आहे का? पोरीला घरात कोंडतेस." आम्रपाली एरवी एकाला दोन ऐकवते, पण यावर मान खाली घालायची. जिभेला हाड नसतं, दुसरं काय.

दोन वर्षं कॅल्शियम झालं, गच्चीवरचं ऊन झालं. पाच वर्षांची पोर रात्री पाय चेपून मागायची. शेवटी पाय सरळ करायचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी निगडीला असल्याच हाडांच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे ऑपरेशनच्या डॉक्टरांनी पाठवलं. आम्ही सगळेच गेलो.

बाईंनी रिपोर्ट वाचले. "हिच्या लघवीतून फॉस्फरस वाहून जातोय. उन्हानं तो भरून निघणार नाही. आजार न ओळखता नुसतं ऑपरेशन केलं तर पाय पुन्हा वाकतील. हे बरेचदा घरातूनच येतं." मग त्यांची नजर धम्मरत्नकडे गेली. "तुमचे पाय?"

"टेम्पोतून पडलो होतो लहानपणी," तो म्हणाला.

"म्हणजे घरात कुणालाच नाही?" बाई लिहायला लागल्या.

अपेक्षा माझ्या मांडीवर बसून माझ्या बांगड्या मोजत होती. बोलले तर मुलाच्या आणि सुनेच्या मनातून उतरणार. नाही बोलले तर या लेकराचे पाय फुकट कापले जाणार.

"लिहू नका बाई," मी म्हणलं. "टेम्पो नव्हता. मी खोटं सांगितलं. त्याचे पाय असेच वाकले, हिच्यासारखे."

धम्मरत्न माझ्याकडे बघतच राहिला. "आई, काय बोलतेस?"

आम्रपालीनं अपेक्षाला माझ्या मांडीवरून उचलून धम्मरत्नकडे दिलं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बाई चिडल्या नाहीत. उलट मलाच विचारायला लागल्या. दात कधी गेले? चाळिशीच्या आत, कीड नसताना हिरड्यांना गळू यायचं. कंबर दुखते? दुखते की, कंपनीच्या कँटीनमध्ये उभं राहून राहून. "बरं," त्या म्हणाल्या, "साडी जरा वर धरा आणि दारापर्यंत चालून दाखवा."

इतकी वर्षं मी साडीखाली जे झाकलं ते आता सुनेसमोर. बसल्या जागची उठेना. तेवढ्यात आम्रपाली उठली आणि माझा हात धरला.

"चला आत्या. मी पण चालले होते. काही होत नाही."

चालले. डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं, पण चालले.

तिघांचंही रक्त तपासलं, आजार एकच निघाला. माझ्याकडून लेकाला, लेकाकडून लेकीला. "यात ना उन्हाची चूक, ना आईच्या दुधाची," बाई म्हणाल्या, तेव्हा आम्रपाली पदरात तोंड घालून रडली. माझं चुकलं, मी म्हणलं. ती म्हणाली, "चुकलंच. आता औषध वेळेवर घ्या."

आठ महिने झाले. अपेक्षाला दिवसातून चार वेळा औषध लागतं, शाळेतल्या मॅडमपण न चुकता देतात. धम्मरत्न चाकणला कामावर जाताना स्वतःचं डब्यात घालून नेतो. दर रविवारी आम्रपाली पोरीच्या टाचा जुळवून गुडघ्यांमध्ये बोटं घालून बघते. पाच मावायची, आता तीन मावतात. ऑपरेशन सध्या थांबवलंय, कदाचित लागणारही नाही म्हणतात. रात्री पोर गाढ झोपते.

परवा वरच्या मजल्यावरची इंदुताई जिन्यात आम्रपालीला म्हणाली, "पोरीला ऊन दाखवत जा गं, आईचं लक्ष पाहिजे."

मी दारातच होते. "इंदे," म्हणलं, "आईचं काही नाही, हे माझ्याकडून आलंय. थांब, बघ." साडी वर धरली आणि तिच्यासमोर दारापासून जिन्यापर्यंत चालून दाखवलं.