पाचर

"मनकर्णे, बंद कर! आगं बंद कर!"

कुट्टीच्या मशीननं कडूबाईचा उजवा हात मनगटापर्यंत ओढून नेला होता आणि रूळ अजून फिरतच होते. मनकर्णा हातातली पेंढी टाकून स्टार्टरकडं धावली. लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मोटर घुमतच राहिली.

बहात्तरच्या दुष्काळातली ही जामखेडजवळची जनावरांची छावणी. दोघी जावा इथं चाऱ्याची कुट्टी करायच्या. मशीनमध्ये उसाचं जाड वाढं अडकून मोटरीवर भार आला, की स्टार्टर आपोआप सुटायचा आणि सगळं थांबायचं. छावणीचा मुकादम छगन, त्याला हे थांबणं सोसत नव्हतं. आधी त्यानं मोटरीला मोठी पुली बसवून मशीनचा वेग वाढवला. त्यामुळं स्टार्टर जास्तच सुटायला लागला, तेव्हा तो सुटूच नये म्हणून त्याच्या दांड्यात बाभळीची पाचर ठोकून दिली.

"हात सापडला म्हंजी?" कडूबाईनं विचारलं होतं.

"जपून काम करायचं," छगन म्हणाला होता.

मनकर्णेनं पाचरीला नखं लावली. ती हलेना. मागं कडूबाईचा आवाज आता माणसाचा राहिला नव्हता. मनकर्णेनं कोयता उचलला आणि फिरत्या पट्ट्यावर घातला. पहिल्या घावाला कोयता उसळला. दुसऱ्या घावाला पट्टा तुटला आणि त्याचं टोक फाडकन तिच्या तोंडावर बसलं. गाल फाटला. मशीन थांबलं.

माणसांनी चाक उलटं फिरवून कडूबाईला सोडवलं, कोपराच्या वर धोतर आवळलं आणि चाऱ्याच्या ट्रकमधून नगरला नेलं.

ट्रक निघताच छगन हातोडी घेऊन स्टार्टरशी आला. पाचर काढायला.

"ऱ्हाऊ दे ती!" मनकर्णा ओरडली. "पोलिसांना बघू दे!"

त्यानं हातोडी उगारली तशी तिनं त्याचं मनगट दातात धरलं. त्यानं पाठीत बुक्के घातले, केस उपटले. तिनं दात सोडले नाहीत. आरडाओरडा ऐकून शेतकरी धावले. त्यांनी पाचर पाहिली, आणि मग छगनला धुळीत लोळवून दात पडेस्तोवर तुडवलं. मनकर्णेनं तिकडं पाहिलंही नाही. ती कुट्टीच्या ढिगापाशी जाऊन बसली. भुकेली गुरं दाव्याला हिसके देत होती.

"पोरी, समदी कुट्टी खड्ड्यात ढकलू," एक म्हातारा शेतकरी म्हणाला.

"न्हाई, आबा."

गालातलं रक्त पदरानं टिपत ती मूठ मूठ कुट्टी निवडत राहिली.

नगरच्या दवाखान्यात कडूबाई शुद्धीवर आली, तेव्हा मनकर्णा खाटेशी होती. गालावर टाके.

"मनकर्णे," कडूबाई म्हणाली, "हात गुरांच्या म्होरं तर न्हाई ना गेला गं?"

"न्हाई, जाऊबाई. म्या येचून घेतला. वढ्याच्या काठाला पुरला. वर धोंडा ठिवला."

कडूबाईनं मान हलवली. डॉक्टर आत येत होते. डाव्या हातानं तिनं पदर डोक्यावर ओढला, तो घसरला. मनकर्णेचा हात पुढं आला, पण कडूबाईनं मानेनंच नको म्हटलं. डॉक्टर दारातच थांबले. कडूबाई पदर ओढत राहिली, नीट बसेपर्यंत.