कुठल्या लाइनचा मोडेम

मोडेम म्हणजे काय, असं मला विचाराल तर मी सांगेन: कपाटामागे लपून बसणारा आणि ऐनवेळी दगा देणारा डबा. आमचा तर इतका तापायचा की त्यावर ओला रुमाल वाळला असता. दिवे लुकलुकायचे, मग सगळेच विझायचे, मग आमच्यावर कृपा केल्यासारखे परत लागायचे. मला त्याचं काही पडलं नव्हतं. मला इंटरनेट लागतं ते दुपारी मालिका बघायला, आणि मालिका काय, चार भाग चुकले तरी सासू तिथेच उभी असते.

पण दादाचं तसं नव्हतं. त्याचं बोलणं त्या डब्यावर अवलंबून होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. ड्रायव्हिंग शिकवायचा. जन्मभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून बोलत राहायचं, हाच धंदा. घरी आला तरी तोंड बंद नाही. जेवताना ताटावरून गाडी वळवून दाखवायचा. मग एका सकाळी दात घासताना खाली कोसळला. मेंदूत गुठळी. उजवा हात लुळा पडला, पाय काठीच्या आधाराने चालायला लागला, पण बोलणं गेलं. समजतं सगळं. कोण खोटं बोलतंय, कोण त्याला लहान मुलासारखं वागवतंय, सगळं समजतं. शब्द तेवढा ओठापर्यंत येत नाही. त्यातून ‘हो’ आणि ‘नाही’ची अदलाबदल. ‘चहा हवा?’ म्हटलं की ‘नाही’ म्हणणार आणि कप ओढून घेणार.

त्याला बोलायला शिकवणाऱ्या बाई दूरच्या शहरात राहतात. दर गुरुवारी दुपारी कॉम्प्युटरवर येतात. आमच्या घरात त्यांना ‘स्पीचवाल्या बाई’ म्हणतात. फार गोड बाई आणि फार चिवट. त्या ओठांचा आकार दाखवायच्या, दादा तसे ओठ करायचा, आणि कधी कधी चक्क शब्द निघायचा. ‘दार’ निघाला तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि मी तिला ओरडले, की रडतेस काय, दार उघड!

आणि नेमका त्याच सुमारास हा डबा बिघडला. बाई ‘माझ्या ओठांकडे बघा’ म्हणायच्या आणि त्यांच्या ओठांचे चौकोन व्हायचे. दादा मोठ्या कष्टाने अर्ध्या शब्दापर्यंत पोचायचा, की चित्र थिजायचं. बाई परत आल्या की विचारायच्या, ‘काय म्हणालात? पुन्हा सांगा बरं.’ एकदा सांगताना ज्याचा जीव जातो, तो पुन्हा कुठून सांगणार? तिसऱ्या खेपेला दादाने खुर्चीच फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

त्या संध्याकाळी बाईंचा मला फोन आला. म्हणाल्या, ‘ताई, चेहरा दिसल्याशिवाय मला शिकवता येत नाही. पुढच्या गुरुवारी तरी लाइन नीट हवी. नाही झाली, तर ही वेळ मला दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल, बरेच जण थांबलेत. आणि खरं सांगू? जे बोलणं परत यायचं ते या पहिल्या महिन्यांतच जास्त येतं. नंतर अवघड होत जातं.’

मी बसमध्ये कंडक्टर होते, दारात लोंबकळणाऱ्या गड्यांना मी एका आवाजात आत घेतलंय, पण बाईंना मात्र लहान पोरीसारखं ‘हो, हो’ म्हणत गेले.

इंटरनेट कंपनीला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, ‘मोडेम कालबाह्य झालाय, बदला. आता आम्ही देत नाही, बाजारातून घ्या. पण तुमच्या लाइनला चालणारा हवा आणि आमच्या मान्य मॉडेलांपैकी हवा. दुकानदाराला कंपनीचं नाव सांगा, तो देईल.’ ‘आमची लाइन कुठली?’ हे त्याला तिथेच विचारायचं, ही साधी अक्कल आम्हाला दोघींनाही सुचली नाही.

आता वहिनीबद्दल सांगते. नणंदेच्या तोंडून भावजयीचं कौतुक ऐकायला मिळत नाही, पण मी करते: या बाईने दादाला अंथरुणातून उठवलं. एकच खोड. त्याचं वाक्य तो सुरू करतो आणि ती संपवते. त्याने हात उचलला की ‘पाणी?’ आणि पाणी हजर. चष्मा हवा असताना बिचाऱ्याने किती पाणी पिऊन टाकलं असेल, देव जाणे.

तर आम्ही तिघं दुकानात गेलो. दादा हट्टाने आला, काठी टेकत. दुकानदार जाडजूड, चष्मा कपाळावर, घाई कशाला म्हणतात ते माहीत नसलेला माणूस. त्याने कंपनीचं नाव ऐकलं आणि विचारलं, ‘लाइन कशावरून येते? टेलिफोनच्या तारेवरून, टीव्हीच्या केबलवरून, की फायबर?’

दादाने मान वर केली. डावा हात उचलला, तोंड उघडलं.

‘केबल,’ वहिनी म्हणाली. ‘जाड, काळी, गोल. टोकाला फिरकी आहे. कपाटामागची धूळ मीच पुसते ना.’

दादा मान हलवायला लागला. काठी आपटली. ‘नाही’ म्हणायला गेला आणि तोंडून निघालं, ‘हो! हो!’

‘बघा, हे पण हो म्हणताहेत,’ वहिनी म्हणाली. ‘दमलेत. आटपा लवकर.’

दादाने तिच्याकडे असं काही बघितलं की मला तिथेच काहीतरी बोलायला हवं होतं. पण मला काय ठाऊक लाइन कुठली ते! दुकानदाराने केबलचा मोडेम बांधून दिला.

घरी आल्यावर उजेड पडला. नव्या डब्याला मागे फिरकीचं गोल तोंड, आणि जुन्या डब्यातून जी वायर निघाली ती टोकाला चपटी, प्लॅस्टिकची, टक् करून बसणारी. जाड काळी वायर टीव्हीची होती. कपाटामागे दोन्ही शेजारी शेजारी, आणि वहिनीने इतकी वर्षं पुसली होती ती टीव्हीची. तरी तिने ती उपसून मोडेमला लावून बघितली. टीव्ही बंद पडला आणि मोडेमचा एक दिवा डोळा मारत बसला.

‘मधे लावायचा एखादा तुकडा मिळत असेल,’ वहिनी म्हणाली.

‘तुझ्या तोंडाला लावायचा मिळाला तर तोही आण!’ मी म्हटलं. रागात माझं तोंड कुणाचं ऐकत नाही. ‘तो सांगत होता ना? त्याला बोलू दिलं असतंस तर?’

मला वाटलं आता भांडण होणार. मी पदर खोचूनच उभी होते. पण वहिनी जमिनीवर त्या वायरींच्या गुंत्यात बसली होती, ती तशीच बसून राहिली.

‘वन्सं, तुम्ही मागून बघता,’ ती म्हणाली. ‘मी समोरून बघते. ह्यांना शब्द सापडत नाही ना, तेव्हा कपाळावरची शीर टम्म फुगते, डोळ्यांत पाणी येतं. ज्यांच्या बोलण्याला मी कंटाळायचे, अहो, गप्प बसा की जरा, असं म्हणायचे, त्यांचं असं झालेलं मला नाही बघवत. म्हणून मी देऊन टाकते शब्द. चुकीचा तर चुकीचा.’

मी खाली बसले आणि तिच्याबरोबर वायरी सोडवायला लागले. जरा वेळाने म्हटलं, ‘वहिनी, उद्या गुरुवार. उद्या एवढं न बघवणारं बघ. माझा हात धर, हवं तर.’

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच आम्ही दारात. दुकानदाराने मोडेम परत घेतला, कुरकुर केली नाही. मी चपट्या टोकाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ‘टक् करून बसणारी तर टेलिफोनची पण असते आणि फायबरच्या पेटीतून निघणारी पण असते. दिसायला बहिणी बहिणी, एक अंगाने बारीक एवढंच. वायर आणलीत?’

वायर कोणी आणली नव्हती. तीन शहाणी माणसं आणि वायर घरी!

‘लाइन बसवली तेव्हा घरात कोण होतं?’

लाइन बसवली तेव्हा वहिनी माहेरी गेलेली आणि मी तेव्हा इथे नाही, माझ्या घरी राहायचे. त्या दिवशी घरात होता फक्त दादा. बसवणाऱ्या माणसाला चहा पाजून, त्याच्या शिडीखाली उभं राहून, त्याला दिवसभर गाडी चालवायचे धडे देणारा.

‘ह्यांना विचारा,’ मी म्हटलं.

दुकानदाराने वहिनीकडे बघितलं. सगळे तसंच करतात. दादाबद्दल विचारायचं असलं की वहिनीकडे बघतात.

‘तिला नाही. त्याला. आणि विचारून गप्प राहा,’ मी म्हटलं, थोडं बसमधल्या आवाजात. दुकानदाराने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि दादाला विचारलं, ‘काका, लाइन कुठून आली घरात?’

दादा उभा राहिला. ओठ हलले, आवाज नाही. मागे दोन गिऱ्हाईकं आली. एकाने घड्याळ बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, त्याने घड्याळ बघायचं सोडलं. दादाची शीर फुगली. वहिनीची नखं माझ्या तळहातात रुतली.

‘खा,’ दादा म्हणाला.

वहिनी पुढे झाली. भूक लागली असेल, हे तिच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता आलं. मी तिला मागे ओढलं.

‘खा... खां...’ दादाने डोळे मिटले. जणू शिकाऊ पोराची गाडी चढावर बंद पडलीय आणि हा शेजारी बसून तिला सुरू करतोय. ‘खांब.’ मग श्वास घेऊन, ‘खांबा... वरून.’

‘टेलिफोनच्या खांबावरून!’ दुकानदार म्हणाला. ‘मग फायबर नाही, आपल्याकडे ते जमिनीखालून आणलंय. तार आहे. संपलं की!’ आणि त्याने कंपनीला मान्य असलेला, टेलिफोनच्या तारेचा मोडेम काढून काउंटरवर ठेवला. त्याने तो वहिनीच्या नाही, दादाच्या हातात दिला.

दादाने डब्याची मागची बाजू बघितली, बोटाने त्या चपट्या तोंडावर टकटक केलं, आणि जेवायला बसेपर्यंत तो शब्द घोळवत राहिला. खांब, खांबावरून. वहिनी जेवताना त्याच्या ताटाकडे बघत होती आणि एकदाही काही वाढलं नाही, त्याने मागेपर्यंत. मी मनात म्हटलं, आज सूर्य कुठून उगवलाय!

वायर टक् करून बसली. कंपनीच्या माणसाने फोनवर मोडेमचा नंबर घेतला, तिकडून काहीतरी केलं, आणि सगळे दिवे लागले ते लागलेच. दुपारी बाई दिसल्या. इतक्या स्वच्छ की त्यांच्या ओठांवरची कोरडी सालपटंसुद्धा दिसली.

‘अरे वा,’ बाई म्हणाल्या. ‘आज मग चित्रं नकोत. आज माणसं घेऊ. तुमच्या शेजारी बसल्यात त्या कोण?’

‘अहो बाई, मी...’ वहिनीने सुरुवात केली, आणि स्वतःच थांबली.

आता यात एक गंमत आहे. दादाने वहिनीला जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती. ‘अगं’, ‘ऐकतेस का’, नाहीतर नुसता खाकरायचा. अख्खा संसार खाकरण्यावर झाला. बाईंना हे कुठून माहीत असणार? त्या शांतपणे म्हणाल्या, ‘नाव सांगा.’

दादा स्क्रीनकडे बघत होता, तो वळला आणि वहिनीकडे बघायला लागला. पहिलं अक्षर आलं. मग अडकलं. पुन्हा पहिलं अक्षर, पुन्हा अडकलं. उत्तर आम्हा दोघींना येत होतं, माझ्या तर जिभेच्या टोकावर नाचत होतं, आणि देता येत नव्हतं. वहिनीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं. बोटांच्या फटीतून तिचा श्वास ऐकू येत होता. दादाच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, आणि ती बघत राहिली. पापणी न हलवता बघत राहिली.

मग तिचं नाव आलं. वाकडंतिकडं, मधलं अक्षर गिळलेलं, पण तिचंच.

‘छान!’ बाई म्हणाल्या. ‘पुन्हा एकदा म्हणा.’

दादाने पुन्हा म्हटलं. या वेळी बाईंना सांगितल्यासारखं नाही, आतल्या खोलीतल्या माणसाला बोलवावं तसं, जरा मोठ्याने.

वहिनीने तोंडावरचे हात काढले आणि ओ दिली.