मशरूमच्या खोलीतली करणी

बेळगुंदीच्या महिला गटाच्या मशरूमच्या खोलीसमोर निम्मा गाव लोटला होता. भरमू देवऋषीनं दाराला अंगारा फासला, डोळे फिरवले आणि गर्जला, "ह्या खोलीत पांढऱ्या पायाची बाई शिरलीया! तिचा हात लागला की आगीन, माझा लागला की हिमालय!"

आत जाऊन त्यानं खोली गार-गरम करणाऱ्या मशीनच्या भिंतीवरच्या पॅनेलवर 'कूल' दाबलं. गार वारा सुटला आणि बायांनी हात जोडले. हिमालय आणायला अंगारा नव्हे, वीज लागते, हे कुणाला सुचेल तर शपथ!

पांढऱ्या पायाची म्हणजे रूपाली. नवरा गेल्यावर गटातल्या या कामावरच तिचं घर चालतं. शिकलेली म्हणून मोबाइलवरून मशीन चालवायचं काम तिच्याकडं. तिनं मोबाइलवर 'कूल' दाबलं की खोली तापायची, इतर कुणी भिंतीवर दाबलं की गार व्हायची, हे खरंच होतं. मशरूमला तर गारवा लागतो; दोनदा सगळं पीक सडलं. मशीनवाला म्हणाला, आमचं मशीन ठीक. मोबाइलची जोडणी करणारा खडेबाजारातला सौरव म्हणाला, आमचं सॉफ्टवेअर ठीक. दोघांनी आपापलं तपासलं, मधलं कुणीच नाही. त्या फटीत भरमू शिरला.

"रूपालीला गटातनं काढूया," अध्यक्ष जयाबाई म्हणाल्या. "आमालाबी लई वाईट वाटतंय, पर पीक बघाय नको?"

मी इथल्या हायस्कूलात विज्ञान शिकवतो. यातल्या निम्म्या बाया माझ्याच विद्यार्थिनी. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं फळ्यावर काय रांगोळी काढत होतो मी?

"भरमाण्णा," मी म्हटलं, "तुमचा हात पवित्र ना? मग रूपालीच्या मोबाइलवर दाबा."

"दाबतो की, मास्तर!" त्यानं मोबाइलला अंगारा लावला, 'कूल' दाबलं. थोड्याच वेळात गरम झोत आला.

"व्हय रं भरमू, हिमालय वितळला काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"फोनला तिचा हात लागलाय न्हवं!" भरमू चवताळला.

"मग रूपाली, तू जा. भिंतीवर दाब."

बाया पदर सावरत बाजूला सरकल्या. तिनं दाबलं. गार वारा आला.

म्हणजे हाताचा संबंधच नव्हता. मी सौरवला फोनवर धरलं आणि मोबाइल आणि मशीन, दोन्हीकडच्या आकड्यांच्या खुणा शेजारी शेजारी वाचायला लावल्या. मोबाइल मशीनला शब्द नव्हे, आकडा पाठवतो. मोबाइलच्या लेखी एक म्हणजे गारवा, दोन म्हणजे ऊब. मशीनच्या लेखी एक म्हणजे ऊब, दोन म्हणजे गारवा. रूपाली गारवा मागायची आणि मशीन इमानानं खोली तापवायचं.

"आकडे जुळवायचे राहिले, सर," सौरव चाचरत म्हणाला. त्यानं तिथूनच ते बदलले. रूपालीनं मोबाइलवर 'कूल' दाबलं, खोली गार झाली. भरमू तोवर अंगाऱ्याची वाटी घेऊन पसार झाला होता.

"बरं झालं," जयाबाई म्हणाल्या. "तरीबी दाराला एक लिंबू बांधून ठिवूया की, सर. काय बिघडतंय?"

मी कपाळावर हात मारला. रूपाली मात्र पुढं आली.

"लिंबू बांधा न्हायतर भोपळा बांधा, आक्का. पर ही करणी माझी न्हवती, एवढं एकदा समद्यांम्होरं म्हणा."

जयाबाई पदराशी चाळा करत राहिल्या. गर्दी पांगली.

बायांनो, बाप्यांनो, मशीन बिघडलं तर मशीन तपासा, विधवेचे पाय नव्हे. कुणी हाताचा गुण सांगितला, तर आधी हात बदलून बघा. आमचे आकडे बसल्या जागी दुरुस्त झाले. रूपालीनं मागितलेलं ते एक वाक्य मात्र अजून कुणी तिला दिलेलं नाही.